वर्गणी नव्हे, भाडं

चार वर्षांत त्यांनी मला चहा एकदाच दिला, आणि तोही माझ्यासाठी मागवलेला नव्हता. एरवी त्यांचा नियम असा की विकायला येणाऱ्या माणसाला पाणी द्यायचं, चहा नाही. "पाणी कुणालाही द्यावं," ते म्हणायचे, "चहाचं मग पुढं काहीतरी होतं."

ते नदीपलीकडच्या एका जुन्या कॉलेजात ग्रंथपाल होते. मी एका परदेशी प्रकाशकाचा माणूस. या प्रकाशकाची शेकडो संशोधन-नियतकालिकं, म्हणजे जर्नल्स, इंटरनेटवर वाचायला मिळावीत म्हणून कॉलेजं दरवर्षी पैसे भरतात. ते भरायला लावणं ही माझी नोकरी. ऑफिस खराडीला, काचेच्या इमारतीत सातव्या मजल्यावर. पुण्यातली आणि आसपासची कॉलेजं माझ्याकडे होती.

पहिल्या भेटीत मी त्यांच्यापुढं माझं कार्ड ठेवलं. त्यांनी ते वाचलं, उलटून मागची कोरी बाजूही तितक्याच लक्षपूर्वक पाहिली आणि म्हणाले, "बसा. कशासाठी येणं केलंत?"

"वर्गणीचं नूतनीकरण होतं सर."

"वर्गणी गणपतीची असते. ती दिली की माणूस मंडळाचा होतो. तुमचं भाडं आहे. यापुढं भाडं म्हणा, म्हणजे आपल्या दोघांचा गोंधळ होणार नाही."

मी हसलो. ते हसले नाहीत. मग मीही भाडं म्हणू लागलो, आणि एकदा ऑफिसातल्या मीटिंगमध्ये तोंडातून 'भाडं' निघून गेलं तेव्हा सगळे माझ्याकडे बघायला लागले.

त्यांचं म्हणणं साधं होतं. जर्नल छापील यायचं तेव्हा एकदा पैसे दिले की तो अंक कपाटात राहायचा. पन्नास वर्षांनी कुणी आलं तरी काढून देता यायचा. आता पैसे दिले की नुसतं बघू देतात. पुढच्या वर्षी दिले नाहीत तर गेल्या वर्षी बघितलेलंही बंद. वाचनालयाच्या लांबच्या भिंतीला जर्नल्सचे जुने लाकडी रॅक होते, तिरप्या फळ्यांचे. छापील अंक बंद झाल्यावर ते रिकामे पडले, तेव्हा प्राचार्यांनी काढून टाकायला सांगितले. यांनी काढले नाहीत. प्रत्येक रिकाम्या फळीवर त्यांनी एक जाड कागदाचं कार्ड लावलं. कार्डावर जर्नलचं नाव आणि खाली 'आपल्याकडे अमुक सालापर्यंत होते'. दोनेकशे कार्डं असतील. बाहेरचा माणूस पहिल्यांदा आत आला की त्या भिंतीपुढं आवाज खाली आणून बोलायचा.

उंची बेताची, अंग सडपातळ, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं. शनिवार पेठेतल्या दोन खोल्यांतून रोज चालत यायचे. त्यांना केबिन होती, पण ते तिच्यात बसत नसत. पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलाशी, सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेत बसत. केबिनमध्ये त्यांनी फाटलेली पुस्तकं ठेवली होती. "त्यांना विश्रांतीची जास्त गरज आहे," म्हणायचे.

दिवाळीला कंपनीकडून ग्रंथपालांना काजूकतलीचे डबे जात. पहिल्या वर्षी मी डबा घेऊन गेलो. त्यांनी डबा उघडला, वाचायला बसलेल्या मुलांमधून फिरले आणि प्रत्येकाला एकेक वडी दिली. देताना शांतपणे सांगत होते, "प्रकाशकांकडून आहे. आपल्याच पैशांतली आहे, संकोच करू नका." शेवटची वडी माझ्यापुढं धरली. मी घेतली. दुसऱ्या वर्षापासून मी त्यांच्या नावाचा डबा परस्पर घरी नेऊ लागलो.

आमचा करार अठ्ठावीस पानांचा होता. बाकीच्या कॉलेजांत तो थेट शेवटच्या पानावर उघडला जायचा, जिथं सही करायची असते. यांनी आठ दिवस मागून घेतले. आठ दिवसांनी गेलो तर समोर दोनशे पानी वही, आणि तिच्यात आमचा करार मराठीत उतरवलेला. कलमागून कलम, निळ्या शाईत, खाडाखोड न करता.

"जे मला मराठीत सांगता येत नाही, ते मला कळलं असं मी धरत नाही," ते म्हणाले, आणि वाचू लागले. "'प्रकाशकास संचातील कोणतेही नियतकालिक पूर्वसूचनेशिवाय काढून घेता येईल. त्यामुळे भाड्यात फरक पडणार नाही.'" मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "इंग्रजीत हे किती सभ्य वाटतं, नाही? आपण हे मराठीत कधी वाचलं होतं?"

"नाही सर."

"इंग्रजीत?"

खरं म्हणजे इंग्रजीतही नव्हतं वाचलं.

मग त्यांनी मला एक हिशेब विचारला. तो पैशांचा नव्हता. त्यांच्या कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या एका प्राध्यापकांचा लेख आमच्या जर्नलमध्ये आला होता. "लेख यांनी लिहिला," ते एकेक बोट दुमडत म्हणाले. "पगार सरकारनं दिला. लेख तपासला दुसऱ्या कुठल्यातरी प्राध्यापकानं, फुकट. आता तोच लेख यांनाच वाचता यावा म्हणून मी तुमच्याकडून भाड्यानं आणतो. यात तुमचं काम कोणतं?"

आम्हाला प्रशिक्षणात उत्तर शिकवलेलं होतं. "आम्ही गुणवत्ता सांभाळतो सर."

"कुणाची?" त्यांनी विचारलं, आणि माझ्यासाठी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला.

मी ग्रंथालयशास्त्र शिकलोय हे त्यांना तिसऱ्या भेटीत कळलं. बोलता बोलता माझ्या तोंडून वर्गीकरणाबद्दल काहीतरी बरोबर निघून गेलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "कुठं शिकलात?"

"अमरावतीला. आमचं गाव वाशिमकडं आहे."

"मग इकडं कसे?"

"ग्रंथपालाच्या जागा भरत नाहीत सर. दोन वर्षं एका कॉलेजात तासांवर काम केलं. वर्षातले सात महिने पगार."

त्यांनी खाली ठेवलेलं पेन उचलून खिशाला लावलं. मग म्हणाले, "म्हणजे आपण आमच्यातलेच." त्यानंतर त्यांचं माझ्याशी बोलणं बदललं. टोमणे कमी झाले असं नाही, पण त्यांच्या अडचणी मला सांगायला लागले. गणिताच्या विभागाला हवं असलेलं एक जर्नल मिळवायचं तर न लागणारी दीडशे घ्यावी लागतात. ग्रंथालयाचं वर्षाचं अनुदान तेवढंच राहतं आणि आमचं भाडं वाढतं, म्हणून मराठी आणि इतिहासाची पुस्तकं घेणं त्यांना थांबवावं लागलं. "मागच्या वर्षी मी एकही कादंबरी घेतली नाही," ते एकदा म्हणाले. "मुलं विचारतात, नवीन काय आलं. मी सांगतो, नवीन किंमत आली." हे ते मला सांगायचे, ते मला तेव्हा आवडायचं नाही. आपल्या दुखण्याची गोष्ट आपल्याला दुखवणाऱ्यालाच सांगणारा माणूस समोर असला की नोकरी करणं अवघड होतं.

तिसऱ्या वर्षी भाडं एकदम वाढलं. का, ते मला कुणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. दिवाळीच्या थोडं आधी मी नवा दर त्यांना दिला. ते म्हणाले, "पंधरा दिवसांनी या."

पंधरा दिवस थांबायची वेळ आली नाही. ग्रंथालयाच्या दारात एक काळा फळा होता. नव्या पुस्तकांची नावं ते त्यावर खडूनं लिहीत. आता नवी पुस्तकं फारशी येत नव्हती, फळा मोकळाच असायचा. एका सोमवारी त्या फळ्यावर आमच्या संचाचा गेल्या पाच वर्षांचा दर लिहिलेला होता. सुंदर अक्षर, खाली रेघ, आणि रेघेखाली ही सूचना: 'हे दर कोणासही सांगू नयेत असे करारात आहे. तरी वाचून विसरावे.'

आमच्या करारात ते कलम खरंच आहे. एक कॉलेज काय भरतं ते दुसऱ्याला कळू द्यायचं नाही. सगळा धंदा त्यावरच चालतो. मुलांनी फळ्याचे फोटो काढले आणि दुपारपर्यंत ते खराडीला पोचले.

आमच्या मॅनेजर मॅडमनी मला आत बोलावलं. माझ्याच वयाच्या होत्या, आवाज कधी चढवायच्या नाहीत. "हे आज खाली आलं पाहिजे," त्या म्हणाल्या. "तुझा अकाउंट आहे, तुझी रिस्पॉन्सिबिलिटी आहे. वरून मला विचारतायत की हा मुलगा तिथं करतो काय."

मी तसाच निघालो. पोचलो तेव्हा साडेचार वाजले होते. सर टेबलाशी नेहमीसारखे बसलेले.

"सर, तो फळा पुसावा लागेल."

"का? काही चुकीचं लिहिलंय? आकडे तुम्हीच दिलेले आहेत."

"चुकीचं नाही सर."

"मंडईत भाजीवाली भाव ओरडून सांगते. तुमची कंपनी एवढी मोठी, तिला भाव सांगायची लाज का वाटते?"

बायकोला सातवा महिना होता. मी तसं सांगितलं नाही, पण माझा चेहरा त्यांनी बघितला असणार.

"तुमची नोकरी जाईल?" त्यांनी विचारलं.

"जाईल सर, बहुतेक."

ते उठले, फडकं ओलं केलं आणि स्वतः फळा पुसला. वरपासून खालपर्यंत, कोपरेसुद्धा. खडूचं पाणी त्यांच्या कोपरापर्यंत ओघळलं होतं. "तुमच्या कंपनीसाठी नाही पुसला," एवढंच म्हणाले.

पण फोटो पसरायचा तेवढा पसरला होता. दोन दिवसांनी वाघोलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या ग्रंथपाल मॅडम त्यांना शोधत आल्या. त्यांचं कॉलेज यांच्याहून लहान आणि त्याच संचासाठी भरत होतं जवळजवळ दुप्पट. आपल्याला सवलत मिळते असं त्या इतके दिवस समजत होत्या. मीच त्यांना तसं सांगितलं होतं.

त्या भेटीतून सरांना एक कल्पना सुचली, आणि ती सुचल्यावर हा माणूस पंचावन्नाव्या वर्षी पंचविशीतला झाल्यासारखा हिंडायला लागला. कल्पना अशी की सात कॉलेजांनी मिळून, एकाच दिवशी, एकाच पत्रावर सह्या करून सांगायचं, या दरानं आम्ही घेणार नाही. एकाला तुम्ही बंद करू शकता, सातांना बंद केलं तर तुमचंही नुकसान. त्यांनी फोन केले नाहीत. "फोनवर माणूस हो म्हणतो, समोरासमोर कबूल करतो," म्हणाले. कॉलेज सुटल्यावर पीएमटीच्या बसनं एकेका ठिकाणी गेले. हडपसर, आकुर्डी, वाघोली. पिशवीत त्या मराठी कराराच्या झेरॉक्स प्रती. सहाही ग्रंथपालांनी शब्द दिला. डिसेंबरातला दुसरा शनिवार ठरला, चार वाजता, यांच्या ग्रंथालयात.

हे सगळं मला त्यांनीच सांगितलं. का सांगितलं ते मी पुष्कळदा मनाशी विचारलंय. मी त्यांच्यातला, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. आणि खोटं कशाला सांगायचं, मी ते ऑफिसात सांगितलं. फळ्याच्या प्रकारानंतर मला काहीतरी करून दाखवायचं होतं.

मॅनेजर मॅडमनी ऐकून घेतलं. "सरांशी अजिबात आर्ग्यू करू नकोस," त्या म्हणाल्या. "त्यांना हातही लावू नकोस. बाकीचे सहा जण शनिवारच्या आधी क्लोज कर."

प्रत्येक कॉलेजासाठी वेगळं पत्र तयार झालं. वेगळी सवलत, कुणाला जास्त, कुणाला कमी. अट दोन ओळींची. शुक्रवारपर्यंत सही करायची आणि दर कुणाला सांगायचा नाही. मी पाच दिवसांत सहा कॉलेजं केली. वाटलं होतं त्यापेक्षा फार सोपं गेलं. एकानं पत्र वाचलं आणि लगेच खिशातून पेन काढलं. एकानं प्राचार्यांना फोन लावला आणि माझ्यादेखत स्वतःचं कौतुक करून घेतलं की मी भाव पाडून घेतला. वाघोलीच्या मॅडम मात्र पत्र हातात धरून बसून राहिल्या.

"सरांना काय सांगू मी?" त्यांनी विचारलं.

"सरांना मी सांगतो मॅडम," मी म्हणालो.

त्यांनी सही केली. मी सरांना काही सांगितलं नाही.

शनिवारी पाच वाजता मला त्यांच्याकडे जायचं होतं. मॅनेजर मॅडमचीच सूचना, की ते एकटे पडलेत हे त्यांच्या लक्षात आलं की लगेच समोर करार ठेवायचा. त्यांच्यासाठी सवलतीचं पत्र नव्हतं. जुना वाढीव दरच होता.

मी गेलो तेव्हा ग्रंथालयात मुलं नव्हती. मधलं मोठं टेबल मोकळं केलेलं, भोवती सात खुर्च्या, प्रत्येक खुर्चीपुढं कराराची एक प्रत आणि तिच्यावर एक टोक केलेली पेन्सिल. ते सातव्या खुर्चीवर बसले होते. टेबलाच्या कडेला कँटीनची किटली आणि पालथे घातलेले कप.

"या," ते म्हणाले. "बसा."

"कुणी आलं नाही सर?" मी विचारलं. हे वाक्य मी तेव्हा बोललो. त्यानंतर मी पुष्कळ खोटं बोललो असेन, पण या वाक्याइतकं वाईट काही मला आठवत नाही.

"शनिवार आहे. ट्रॅफिक असेल." त्यांनी घड्याळ बघितलं. "दोघांचे फोन लागत नाहीत. एक म्हणाले, घरी पाहुणे आलेत." मग किटलीकडे हात केला. "सात चहा सांगितले होते. गार झालाय, पण घ्या."

त्यांनी स्वतः कप सुलटा केला आणि ओतून माझ्यापुढं ठेवला. स्वतःलाही घेतला. गार चहावर साय धरली होती. आम्ही दोघांनी तो तसाच प्यायला.

"आपल्याला काही माहीत आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही सर."

ते मान हलवत राहिले. मग उठून प्रती गोळा करू लागले, एकेक खुर्चीपुढची. पेन्सिली उचलून खिशात घातल्या. मी खुर्च्या रचायला मदत केली. माझ्या बॅगेतला करार मी त्या दिवशी बाहेर काढला नाही. एवढंच काय ते मी केलं, आणि त्यासाठी सोमवारी ऑफिसात बोलणी खाल्ली.

तरीही त्यांनी सही केली नाही. एकट्यानं नाही म्हटलं. जानेवारीत त्यांच्या कॉलेजला आमची सगळी जर्नल्स बंद झाली. जिथं लेख उघडायचे तिथं कुलपाचं चित्र आणि किंमत दिसायला लागली.

पहिले काही आठवडे ते वेगळ्याच रीतीनं लढले. कुणाला लेख हवा असला की ते मूळ लेखकाला ईमेल करायचे. जर्मनी, जपान, ब्राझील, कुठंही. "मी पुण्यातल्या एका कॉलेजचा ग्रंथपाल आहे, माझ्या एका विद्यार्थिनीला आपला लेख वाचायचा आहे" अशी सुरुवात. बरेच जण त्याच दिवशी लेख पाठवायचे, वर दोन ओळी मायेच्या. ती उत्तरं ते सगळ्यांना वाचून दाखवत. पण बाकीच्यांचा पत्ता शोधायला चार दिवस आणि उत्तराची वाट बघायला दहा, अशानं संशोधन होत नाही. रसायनशास्त्राच्या एका मुलीचा प्रबंध अडला. तिला हव्या असलेल्यांपैकी दोन लेखांचे लेखक वारले होते. एका दुपारी मी काही कागद द्यायला गेलो असताना ती टेबलाशी उभी होती.

"सर, तुमच्या तत्त्वासाठी माझं वर्ष का जावं?" ती म्हणाली. उद्धटपणे नाही, खरंच विचारत होती.

त्यांनी तिच्या लेखांची यादी पुढं ओढून घेतली. तिनं थोडा वेळ वाट बघितली आणि ती निघून गेली. ती गेल्यावर ते मला म्हणाले, "तिचं बरोबर आहे. माझंही चुकीचं नाही. आणि याचा तिला काय उपयोग?"

प्राध्यापकांनी अर्ज केला. ग्रंथालय समिती बसली आणि ग्रंथपालाला वगळून निर्णय झाला. मार्चमध्ये प्राचार्यांच्या खोलीत सही झाली. मधे खंड पडल्यामुळे जुन्या ग्राहकाला मिळतो तो दरही गेला होता, म्हणजे त्यांनी डिसेंबरात जे नाकारलं त्याहून जास्त भरावं लागलं. सर कोपऱ्यात उभे होते. सही झाल्यावर त्यांनी फाइलमध्ये एक कागद लावला. प्राचार्यांनी वाचला. त्यावर लिहिलं होतं की हा वाढीव खर्च ग्रंथपालाच्या निर्णयामुळे कॉलेजला सोसावा लागला.

"अहो, याची काय गरज होती?" प्राचार्य म्हणाले.

"उद्या कुणी फाइल उघडली तर त्याला खरं कळलं पाहिजे," ते म्हणाले.

मला त्या वर्षी चांगला बोनस मिळाला.

त्यांची तीन वर्षं नोकरी शिल्लक होती. जूनमध्ये त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. निरोप समारंभ नको म्हणाले. शेवटच्या दिवशी त्यांनी टेबलाच्या खणाची किल्ली शिपायाकडे दिली आणि नेहमीच्या वेळेला, नेहमीच्या चालीनं निघाले, असं मला तिथल्या एकानं सांगितलं. पुढच्या महिन्यात रॅक भंगारात गेले. तिथं आता चार्जिंगची सोय असलेली टेबलं आहेत आणि मुलांना ती आवडतात.

मग शनिवार पेठेतली त्यांची इमारत पाडायला घेतली आणि ते बायकोसह वाघोलीला मुलीच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. हे कळायला मला वर्ष लागलं आणि जायला आणखी सहा महिने. गेलो ते सांगायला. इतके दिवस ते सांगितल्याशिवाय मला त्यांच्या कॉलेजच्या बाजूनं जाववत नव्हतं, आणि जावं तर दर महिन्याला लागायचं.

नववा मजला. दार काकूंनी, त्यांच्या बायकोनं, उघडलं. शाळेत शिक्षिका होत्या, आता निवृत्त. "त्यांना माणूस आला की बरं वाटेल," त्या हळूच म्हणाल्या. "पेपरसुद्धा बंद केलाय यांनी." आत ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. खाली नगर रोडवरचे ट्रक आणि धूळ. खोलीत कुठंही एक पुस्तक दिसलं नाही. टीव्ही चालू होता, आवाज बंद करून.

त्यांनी मला ओळखलं. "या. कसं चाललंय भाडं?"

मी बसलो आणि सगळं सांगितलं. सहा कॉलेजं, सहा पत्रं, पाच दिवस. प्रत्येक पत्रात वेगळी सवलत होती हेही सांगितलं. वाघोलीच्या मॅडमना मी सरांना कळवतो म्हणालो आणि कळवलं नाही हेही. त्या शनिवारी मला सगळं ठाऊक असताना मी विचारलं, कुणी आलं नाही का, हेही. बोलताना मी टीव्हीकडे बघत होतो.

मी थांबल्यावर ते म्हणाले, "मला माहीत होतं."

"कधीपासून सर?"

"खुर्च्या रचताना. तुम्ही फार मन लावून रचत होतात."

काकू आतून आल्या, आमच्याकडे बघितलं आणि परत आत गेल्या.

"तुमचं मला काही लागलं नाही," ते म्हणाले. "विकणारा विकणार. तुम्ही सहा जणांकडे गेलात आणि सहाही जण हो म्हणाले, तेही एक वेळ मी समजू शकतो. प्रत्येकाला आपलं कॉलेज आहे. पण पाच दिवस होते. त्या पाच दिवसांत सहांपैकी एकालाही वाटलं नाही की याला एक फोन करावा. की बाबा, आम्ही येत नाही, तू खुर्च्या मांडू नकोस." त्यांनी रिमोट उचलून टीव्ही बंद केला. "तीस वर्षं ओळखत होतो मी त्यांना. मी भांडलो कुणासाठी, हे मला त्यानंतर कळेना."

मी म्हणालो, "सर, चूक माझी होती."

"तुमची होतीच," ते म्हणाले. "ती तुम्ही घेऊन जा. माझ्याकडे ठेवून जाऊ नका."

थोड्या वेळानं ते उठले, म्हणजे मी उठावं अशा रीतीनं उठले. दारापर्यंत आले. "आता पुन्हा येऊ नका," म्हणाले. "राग नाही. पण तुम्हाला बघितलं की मला ते सगळं आठवतं, आणि आठवून करण्यासारखं माझ्याकडे आता काही नाही."

त्यांनी दार लावलं. लिफ्टची वाट बघत मी उभा होतो तोवर आतून काही आवाज आला नाही.

तीन वाजता माझी पुढची भेट होती, तिथून दहा मिनिटांवर, वाघोलीच्या त्याच मॅडमकडे. नव्या वर्षाचा करार होता. भेट पुढं ढकलता आली असती. मी गेलो. मॅडमनी नवा दर बघितला आणि सही केली. कागद माझ्याकडे सरकवताना त्यांनी विचारलं, "सर कुठं असतात हो हल्ली? काही कळतं का त्यांचं?"

"नाही मॅडम," मी म्हणालो. "बऱ्याच दिवसांत भेट नाही."